शिकायचा तास हजेरीत धरा

सफाईच्या कामाला येणाऱ्या मावशींना वाचता येत नाही. कॅन मात्र त्या अचूक ओळखतात. निळा संडासाचा, पांढरा लादीचा. आठ वर्षांत एकदाही चूक नाही. मग ठेकेदाराने स्वस्तातला माल आणला आणि कॅनचे रंग बदलले.

रंग हीच त्यांची बाराखडी होती. ती एका रात्रीत बदलली आणि कुणी सांगितलंसुद्धा नाही.

मी कामानिमित्त नेहमी जाते त्या एका इमारतीतली ही गोष्ट. मावशींनी एकाच बादलीत संडास धुवायचं ॲसिड ओतलं आणि त्यावर ब्लीच. ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. डोळे जळाले, छाती आवळली, जिन्याच्या पायरीवर बसून त्या कितीतरी वेळ खोकत होत्या. दोन्ही एकत्र मिसळू नका, ही सूचना कॅनवर होती. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने कागद पुढे केला. मावशींनी अंगठा उठवला. कागदावर लिहिलं होतं, ‘सदर अपघात माझ्या निष्काळजीपणामुळे झाला.’

वाचता येत नाही म्हणून जिवावर बेतलं. वाचता येत नाही म्हणून दोषही पदरात पडला.

फाइलीत ट्रेनिंगचं रजिस्टरही सापडलं. ‘रसायने हाताळण्याचे प्रशिक्षण दिले’ आणि समोर मावशींचाच अंगठा, निळ्या शाईत, ठसठशीत. प्रशिक्षण किती वेळ चाललं, असं मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, “अंगठा लावायला लागला तेवढा वेळ.”

अशी रजिस्टरं तुम्हीही पाहिली असतील. अंगठ्यांनी भरलेली पानं, आणि वर शीर्षक ‘प्रशिक्षण’.

कायद्याला हे सुचलं नव्हतं असं नाही. १९४८च्या कारखाने अधिनियमातल्या कलम १०८ने बजावलं होतं, की कारखान्यातल्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावा, दाराजवळ, ठळक जागी. भाषेचा विचार झाला, जागेचा विचार झाला. फलकासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला अक्षरच लागत नसेल तर काय, हा प्रश्न मात्र दाराबाहेरच राहिला.

आणि ‘बहुसंख्य’ म्हणजे तरी कोण? आज चाकण-भोसरीच्या कुठल्याही शेडमध्ये डोकावा. एका मशीनवर बीडचा, दुसऱ्यावर बिहारचा, तिसऱ्यावर ओडिशाचा. कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता आलं की जनगणना माणसाला साक्षर म्हणते. २०११मध्ये त्या हिशेबाने महाराष्ट्र ८२ टक्क्यांच्या वर होता. ओडिशातला तो पोरगाही साक्षरच, ओडिया घडाघडा वाचतो. समोरची पाटी मराठीत.

जनगणनेत साक्षर, गेटच्या आत निरक्षर.

शेत हीसुद्धा कामाचीच जागा आहे, हे आपण सोयीने विसरतो. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक माणसं दगावली. कारणं अनेक होती: अंगावर संरक्षक कपडे नाहीत, तोंडाला मास्क नाही, औषधांची भलतीच मिश्रणं. पण कीटकनाशकाच्या डब्यावर रंगाचा एक छोटा शंकरपाळा असतो, तो आठवा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हिरव्यातही विष आहेच. हे फवारणीच्या पंपाखाली वाकलेल्या मजुराला कुणी, कधी, किती वेळ बसवून सांगितलं?

पंप भरायला वेळ असतो. सांगायला नसतो.

ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याचं पाहा. उचल किती घेतली, किती फिटली, किती अंगावर राहिली, सगळं मुकादमाच्या वहीत. ती वही ज्याला वाचता येत नाही, त्याचं कर्ज कधी फिटलं हे मुकादमच ठरवतो. हंगाम संपतो, वही संपत नाही.

आता आपला जुना अभिमान. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. रात्री का? दिवसा माणूस मालकाच्या कामावर. त्या काळात दुसरा मार्गच नव्हता. त्याला आता १७० वर्षं झाली.

मोठ्या माणसाचं शिकणं अजून रात्रीच आहे.

आठ तास पाळी, दोन तास लोकल किंवा शेअर रिक्षा, मग चूल, धुणं, पोरं. त्यानंतर रात्री नऊला आपण त्या बाईच्या हातात पाटी देणार. ती पेंगली की म्हणणार, ‘यांना शिकायची इच्छाच नाही.’ दिवसभर लाद्या पुसून तुमचे डोळे रात्री नऊला किती उघडे राहिले असते?

मुंबईत १९६७मध्ये वरळीला देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ उभं राहिलं. कामगाराच्या शिक्षणाला ‘विद्यापीठ’ म्हणण्याची हिंमत त्या नावात होती. २००० साली नाव बदलून जन शिक्षण संस्थान झालं. २०१८मध्ये ही योजना शिक्षण खात्याकडून कौशल्य विकास खात्याकडे गेली. शिवण शिकवा, वायरिंग शिकवा, हातात कसब आलं तर चांगलंच आहे. पण आपल्याच पगाराची पावती वाचता येणं, हे कौशल्य नाही का?

सध्या ‘उल्लास’ हा साक्षरता कार्यक्रम चालू आहे. २०२२ ते २०२७, पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी. वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०, अशी १५० गुणांची चाचणी. साठी उलटलेल्या आजीबाई पेपर लिहायला बसलेल्या फोटोत दिसतात तेव्हा खरंच बरं वाटतं. पण शिकवणारा स्वयंसेवक, म्हणजे बिनपगारी. शिकणारी बाई स्वतःच्या वेळेत, म्हणजे तीही बिनपगारी. तिच्या शिकण्याचा रोजचा फायदा ज्याला होणार, त्या मालकाने यात काय घातलं?

एक तासही नाही.

केरळकडे पाहा. तिथल्या साक्षरता मिशनने परप्रांतीय मजुरांना मल्याळम शिकवायला ‘चांगाती’ नावाचा उपक्रम काढला. चांगाती म्हणजे मित्र. पुस्तकाचं नाव ‘हमारी मलयालम’. सुरुवात पेरुंबावूरला, जिथे प्लायवूडच्या कारखान्यांत देशभरातले मजूर राबतात. भाषेला ‘आमची’ म्हणायचा हक्क त्यांनी पाहुण्या मजुराला पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच दिला.

आणि आपण? परवाना हवा तर आधी मराठी येते का दाखवा, असं परिपत्रक आपल्याकडे रिक्षावाल्यांसाठी निघालं. २०१७मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. मुंबईत धंदा करणाऱ्याला मराठी यायला हवी, हे मला शंभर टक्के मान्य. पण आधी परीक्षा आणि मग वर्ग, हा कुठला क्रम? आणि कानशिलात वाजवून भाषा येत असती, तर आपल्या जुन्या शाळांतून सगळेच पंडित बाहेर पडले असते.

भाषा दरडावून येत नाही, शिकवून येते. शिकवायला वेळ लागतो आणि वेळेला पैसे पडतात.

ब्रिटनने हे पैसे काही काळ मोजले. १९७४पासून तिथे सरकारी खर्चाने औद्योगिक भाषा प्रशिक्षणाची केंद्रं निघाली. आशियातून आलेल्या कामगारांना त्यांच्या कामाच्या जागी भाषा शिकवायची, हे त्यांचं काम. १९८९मध्ये ती बंद पडली. पण त्या काळातली एक नोंद आजही प्रत्येक मॅनेजरच्या टेबलावर ठेवावी अशी आहे.

एका मोठ्या ब्रिटिश विमानतळाच्या कॅन्टीनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी बायका वाढायला होत्या. ‘या उद्धट आहेत,’ अशी तक्रार. बोलायच्या तर त्या फारच थोडं. जॉन गम्पर्झ या भाषाअभ्यासकाने कान देऊन ऐकलं. ताटात मांस घेतलेल्या माणसाला ग्रेव्ही हवी का, असं विचारताना इंग्रज बाई ‘ग्रेव्ही’ हा शब्द सूर चढवून म्हणे. आपल्या बायका तोच शब्द सूर उतरवून म्हणत. त्यांच्या लेखी तो नम्रपणे विचारलेला प्रश्न होता. ऐकणाऱ्याला वाटे, ‘ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या.’

एका शब्दाचा सूर, आणि बाई उद्धट ठरली.

गम्पर्झने दोन्ही बाजूंना बसवून ध्वनिमुद्रण ऐकवलं. बायकांना कळलं, आपल्यावर लोक का डाफरतात. साहेबांना कळलं, या भांडत नव्हत्या. म्हणजे वर्गात दोघांनीही बसायचं असतं. आपल्याकडे मराठी सुपरवायझर यूपीच्या कामगाराला सरळ मनाने ‘तुम’ म्हणतो आणि ‘आप’ ऐकायची सवय असलेल्या त्या माणसाला ते झोंबतं. मग शिकायची गरज एकट्या कामगारालाच आहे, हे कुणी ठरवलं?

आता हरकती येतील. ठरलेल्याच.

‘उत्पादन बुडेल.’ अपघात झाला की किती बुडतं? चुकीचं रसायन, चुकीचा वॉल्व्ह, चुकीचं बटण, याचा हिशेब कधी मांडलाय?

‘शिकली की सोडून जाईल.’ अडाणी राहिली तरच टिकेल, अशी नोकरी आपण देतो, याची कबुलीच झाली ही.

‘या वयात काय शिकणार?’ मावशींची बारा जणींची भिशी आहे. कुणाची पाळी, कुणाचे पैसे यायचे, कुणी दोनशे कमी दिले, सगळं तोंडपाठ. त्यांच्या फोनमध्ये मुलीने नंबरांपुढे चित्रं टाकून दिली आहेत. मुलगा म्हणजे क्रिकेटची बॅट, सून म्हणजे फूल, ठेकेदार म्हणजे कुलूप. जिने चाळीसएक चित्रांची स्वतंत्र लिपी पाठ केली, तिला चौतीस व्यंजनं जड जातील?

डोकं थकलेलं नाही. थकलंय ते अंग.

म्हणून मागणी एकच आहे. आठवड्यातले दोन तास, पाळीच्या वेळेतले, पगारी. मस्टरवर हजेरी लागलेले. ठेकेदाराची माणसं असतील तर ठेक्याच्या करारातच ते तास लिहा. गणवेश लिहिता, बूट लिहिता, मग अक्षर का नाही?

आणि पहिल्याच दिवशी ‘कमळातला क’ नको. पहिला धडा कॅनवरचा: ‘विष’, ‘मिसळू नका’, ‘धोका’. दुसरा पगाराच्या पावतीचा. दहा हजारांवर पीएफ शेकडा बारा, म्हणजे बाराशे. ईएसआयसी शेकडा पाऊण, म्हणजे पंचाहत्तर. सव्वा पावशेर मिरचीचा भाव तोंडी काढणाऱ्या बाईला शेकडा पाऊण समजावून सांगावं लागत नाही. फक्त पावतीवर तो आकडा कुठे छापलाय, हे दाखवावं लागतं. तिसरा धडा अंगठ्याआधीच्या कागदाचा: कशावर सही करायची आणि कशावर नाही.

हा तिसरा धडा मालकांना सर्वांत जास्त अडचणीचा आहे. म्हणूनच तो टाळून चालणार नाही.

मावशींना त्यांच्या कागदाची झेरॉक्स मी वाचून दाखवली. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, “यातलं ‘माझ्या’ कुठलं?” मी त्या शब्दावर बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट बाजूला करून आपलं ठेवलं. मी सांगितल्यावर म ओळखला, पुढचा काना ओळखला, झ्यापाशी अडखळल्या, पुन्हा पहिल्यापासून लावला. तीन वेळा. मग कागदाची घडी घालून ब्लाउजमध्ये खोचली.

“हे परत कुठल्या कागदावर दिसलं, तर अंगठा देणार नाही.”

पाच मिनिटं लागली. तीही त्यांच्या जेवणाच्या सुट्टीतली.