तात्यांच्या ठरावास उत्तर

एडिसन, न्यू जर्सी

ती. आबांस सा. न.,

कुकर लावलाय, तेवढ्यात लिहून घेतो. मेतकूट पोचलं. आम्ही सगळे ठणठणीत आहोत. टीव्हीवर दिसतो तो बर्फ दुसऱ्या राज्यातला. धाकट्या काकींनी म्हैस विकली हे खरं का? आणि तात्यांना आवरा. खंडाळा तालुक्याचं नाव आपल्या गावावरून शिरवळ करा, असा ठराव ग्रामसभेत मांडणार, आणि अमेरिकेत जिल्ह्यांची बारशी कशी होतात ते माझ्याकडून मागवणार! मागवलंच आहे तर ऐका म्हणावं.

तालुक्याला नाव दिल्याने गावाचा मान वाढत नाही, हे माझं म्हणणं. पुरावा आपल्याच मुलखात आहे. जावळी तालुक्याची कचेरी मेढ्याला, माणची दहिवडीला, खटावची वडूजला, खाली सांगलीकडे खानापूरची विट्याला. तालुक्याच्या पाटीवर आपलं नाव नाही म्हणून वडूजकर किंवा विटेकर मान खाली घालून फिरतात, असं कुणी ऐकलंय? १६४८ साली फत्तेखानाच्या स्वारीत आपल्या सुभानमंगळ किल्ल्यावर लढाई झाली, तेव्हा शिरवळ कुठल्या तालुक्यात येतं हे शिवरायांच्या कावजी मल्हारांनी विचारलं नव्हतं.

आता इथलं. न्यू जर्सीत काउंट्या, म्हणजे इथले जिल्हे, २१. एसेक्स, ससेक्स, मिडलसेक्स, सॉमरसेट ही नावं साहेबाने आपल्या देशातून जशीच्या तशी उचलून आणली. ह्यू मर्सर हा सेनापती १७७७ साली प्रिन्स्टनच्या लढाईत जखमी होऊन गेला; १८३८ साली त्याच्या नावाने मर्सर काउंटी निघाली. जोसेफ वॉरन हा डॉक्टर १७७५ साली बंकर हिलवर पडला. त्याच्या नावाची वॉरन काउंटी. दोघेही मर्दच. पण आज त्यांचं नाव लोकांच्या नजरेस कुठं पडतं? घरपट्टीच्या बिलात. इथली घरपट्टी अख्ख्या देशात जड, सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात. आबा, रुपयात करू नका, रक्तदाब वाढेल. घर आपलं, त्याचा बँकेचा हप्ता आपण भरायचा, आणि वर त्यात राहतो म्हणून हे! बिलात शाळेची ओळ वेगळी, गावाची वेगळी, काउंटीची वेगळी. मर्सरमधला माणूस त्या ओळीवर येतो तेव्हा तोंडातून जे निघतं, त्याला हुतात्म्याचं स्मरण म्हणता येणार नाही. उद्या 'शिरवळ तालुका' झाला, की सातबाऱ्याच्या प्रत्येक खेपेला लोक शिरवळच्या नावाने बोटं मोडतील. सध्या खंडाळ्याच्या नावाने मोडतात, ते काय वाईट आहे?

तात्या म्हणतील, सरकारने मनावर घेतलं की नाव बसतं. बसतंच असं नाही. १७०० साली औरंगजेबाने किल्ला घेऊन साताऱ्याचं आझमतारा केलं. बादशहा तो, त्याच्याहून मोठा शिक्का कुणाचा? टिकला साताराच. १९४९ साली आपल्या जिल्ह्याचे दोन भाग झाले, खालच्याला दक्षिण सातारा म्हटलं. १९६० साली त्याचं सांगली करावं लागलं. धाराशिवचा दाखला उलटा वाटेल, पण ते नाव लोकांच्या तोंडी आधीच होतं, सरकारने २०२३ साली कागदावर घेतलं एवढंच. यावर तात्यांचा बिनतोड सवाल येईल: मग अमेरिकेने १७७६ साली इंग्रज राजा झुगारला, तरी त्याच्या मुलखाची नावं का ठेवली? कारण मिडलसेक्स आणि एसेक्स १६८३ पासूनची. शंभरएक वर्षं वापरून ती राजाची राहिलीच नव्हती, तिथं नांगर धरणाऱ्यांची झाली होती. खंडाळ्याचंही तसंच झालंय. लोणावळ्याजवळच्या खंडाळ्याशी रोज घोटाळा होतो हे मान्य. पण तेवढ्यासाठी राजपत्र कशाला? 'पारगाव-खंडाळा' म्हणायची सोय आहेच.

उलट इकडे शिरवळ हे नावच कुणाला ठाऊक नसतं. गाव कुठलं म्हटलं की 'पुण्याजवळ' म्हणून मोकळं व्हायचं. पुण्याहून येताना नीरेचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो आणि पहिलं मोठं गाव आपलं, हे सांगावंसं फार वाटतं. पण नीरा म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते.

तर तात्यांना म्हणावं, ठरावच हवा तर नाव खंडाळ्यालाच राहू द्या आणि कचेरी शिरवळला मागा. दाखल्यासाठी एसटीचे हेलपाटे तरी वाचतील. मात्र हे पत्र आत्यासमोर वाचू नका, तिचं सासर खंडाळ्याचं. आईला सांगा, मेतकूट पुढल्या खेपेला दुप्पट पाठव.

तुमचा,
बाळू