मधल्या इयत्तेचं इंग्रजी

ज्याला इंग्रजी बेताचंच येतं त्याचं एक बरं असतं. चार मोडकी वाक्यं धडाधड बोलून तो मोकळा होतो. उत्तम येतं त्याचा प्रश्नच नाही. हाल होतात ते मधल्यांचे. आमची पुतणी त्यातली. सबटायटलशिवाय सिनेमे पाहते, क्रेडिट कार्डवाल्यांशी इंग्रजीत भांडून लेट फी माफ करून घेते. पण आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा अडीचशे शब्दांचा निबंध लिहायला बसली की जगातलं सगळं एक तर 'व्हेरी गुड' नाही तर 'व्हेरी बॅड'. आणि तिथे गुणांचा चौथा हिस्सा शब्दसंपत्तीला!

म्हणून घरभर चिठ्ठ्या लागल्या. फ्रिजवर 'सिग्निफिकंट', आरशावर 'अझ्यूम', स्वयंपाकघराच्या दारावर 'अथॉरिटी'. वहिनी म्हणाल्या, "ही एक तेवढी बरोबर जागी लागली."

हे शब्द कुणी मनाला येतील तसे वेचलेले नाहीत. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी अभ्यासाच्या पुस्तकांतला आणि लेखांतला सुमारे 35 लाख शब्दांचा मजकूर चाळला आणि 2000 साली 570 शब्दकुळांची, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची भावंडं अशा गटांची, यादी प्रसिद्ध केली. रोजच्या वापरातले दोनेक हजार शब्द त्यांनी आधीच वगळले होते, 1953 सालच्या मायकेल वेस्ट यांच्या यादीवरून. कॉक्सहेडबाईंची एवढीशी यादी, पण अभ्यासाच्या पुस्तकात दर दहा शब्दांमागे साधारण एक हिच्यातला निघतो. आणि शब्द तरी कसे? 'एरिया', 'मेथड', 'पॉलिसी', 'इन्कम'. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतही हे दरवर्षी भांडतात.

पुतणीला हे पटत नाही. तिला भारदस्त शब्द हवेत. मोबाइलमधून तिने 'मेनी'च्या जागी 'प्लेथोरा' उचलला आणि मग शहरात वाहनांचा प्लेथोरा, नदीत कचऱ्याचा प्लेथोरा, खेड्यात तर डॉक्टरांच्या अभावाचाही प्लेथोरा झाला. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला शालू नेसून जावं, तसा तो निबंध.

खरी मेख शब्दांच्या सोबतीत आहे. 'रिसर्च' हा शब्द तिला पाठ आहे, पण तो 'कंडक्ट' करतात, 'मेक' करत नाहीत, हे चिठ्ठीवर कुठे असतं? मराठीत आपण निष्कर्ष काढतो, आक्षेप घेतो, मुद्दा मांडतो. कुणी आक्षेप काढून निष्कर्ष घेतला तर आपल्याला लगेच खटकतं. हे आपण यादीतून शिकलो नाही. वाचून, ऐकून कानात बसलं.

तेव्हा घरात कुणी परीक्षेला बसणार असेल तर चिठ्ठ्या खुशाल लावू द्या. फक्त सुटा शब्द नको. तो जिथे वाचला तिथलं अख्खं वाक्य उतरवायला सांगा. भिंत अपुरी पडली तर शब्द कमी करा, वाक्यं तोडू नका.