खोटेपणाचा सरकारी दर

खामगावात चांदी घ्यायला लोक लांबून येतात. चांदीपेक्षा भरवशाची गुंतवणूक सुचवू? शेजाऱ्यावर एक खोटा दिवाणी दावा ठोकून द्या. धुरा कोरला म्हणा, वहिवाट अडवली म्हणा. पाऊस पडो न पडो, पेशी पडतेच.

यात मेहनत सगळी शेजाऱ्याची. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत त्याने लेखी जबाब द्यायचा. कोर्टाने मेहेरबानी केली तर 90. नुसते ‘सारे खोटे आहे’ म्हणून भागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 8 प्रमाणे एकेक आरोप वेगळा नाकारावा लागतो. जो नाकारला नाही, तो कबूल धरला जाऊ शकतो. तुम्ही लिहा, ‘प्रतिवादी सकाळी दहा वाजता बैलजोडीसह शेतात घुसला.’ बिचाऱ्याने तारीख, वेळ, घुसणे आणि आपल्या गोठ्यात कधी नव्हती ती बैलजोडी, सगळे नाकबूल करायचे. ‘दहा वाजता घुसलो नाही’ एवढेच लिहिले, तर ‘मग अकराला घुसलात काय?’ असे विचारायला आपले वकीलसाहेब मोकळे.

बऱ्याच वर्षांनी दावा खोटा ठरला तरी घाबरू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 35-अ आहे. 1922 साली खोट्या दाव्याच्या भरपाईची कमाल मर्यादा 1,000 रुपये ठरली. 1976 च्या दुरुस्तीने ती 3,000 झाली. तेव्हापासून बियाणे, खत, वकिलाची फी, कोर्टाबाहेरचा चहा, सगळे महागले. खोटेपणाचा दर मात्र सरकारने जागचा हलू दिला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये विनोद सेठ प्रकरणात ही मर्यादा वास्तवाला धरून वाढवावी असे सुचवले. सुचवले! 2015 च्या कायद्याने मोठ्या व्यापारी दाव्यांपुरती मर्यादा उठली. धुऱ्यावरच्या लबाडांची सवलत चालूच आहे.

कोर्टात अप्रामाणिकपणे खोटा दावा करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदही सांगितली आहे. पूर्वी दंड संहितेत कलम 209, आता न्याय संहितेत 246. पण ती फिर्याद कोर्टाने द्यावी लागते, आणि एक दावा लढून दमलेला शेजारी त्यासाठी पुन्हा अर्ज घेऊन उभा राहील, असे मला तरी वाटत नाही.

हे सदर शेजारीही वाचत असेल, म्हणून त्याला एवढेच सांगतो: ‘दावा खोटा आहे हे वादीला ठाऊक होते’ हा आक्षेप लेखी जबाबात घालायला विसरू नका. तो घेतलेला नसेल, तर 35-अ खाली ते तीन हजारही मिळत नाहीत.