भिंतीला पोट आहे

वाकडला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा बाकीचे नातेवाईक वास्तुशांतीला आले. मामा, म्हणजे माझे सासरे, आदल्या दिवशीच आले, पिशवीत ओळंबा घेऊन. चपला काढल्या, हॉलच्या भिंतीला गाल टेकवला, एक डोळा मिटला आणि जाहीर केलं, "पाव्हणं, भिंतीला पोट आहे."

मी नकळत स्वतःचं पोट आत घेतलं.

किल्ल्या द्यायला आलेला बिल्डरचा माणूस म्हणाला, "काका, रंग दिल्यावर दिसणार नाही." मामा म्हणाले, "दिसणार नाही. पण असणार." त्यानंतर तो माणूस त्यांच्याकडे न बघता फक्त ओळंब्याकडे बघत राहिला.

मामा आकुर्डीच्या एका कारखान्यात टूलरूम फिटर होते. जो भाग कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडतो, त्याचा साचा आधी टूलरूममध्ये घडतो. तिथं चूक झाली की ती इमानेइतबारे हजार वेळा होते. मामांचं काम साच्याचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर तंतोतंत बसवायचं. एकाला निळा रंग पुसायचा, दुसरा त्यावर टेकवून घासायचा, जिथं निळं उमटेल तो उंचवटा स्क्रेपरनं खरवडायचा. पुन्हा निळा, पुन्हा खरवड, दिवसभर. तो निळा रंग नखांत जो बसला तो बसलाच. सत्यनारायणाला ते निळ्या नखांनी आचमन करत तेव्हा गुरुजी जरा घाईनं पुढच्या मंत्राला जात.

ते साताऱ्याकडून आयटीआय करून इथं आले, ते सत्तरच्या दशकात. पिंपरीचा इतिहास त्यांच्या तोंडून ऐकावा. "आधी पेनिसिलिन आलं, मग लोखंड आलं, मग आम्ही." पेनिसिलिन म्हणजे 1954 सालची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. लोखंड म्हणजे 1962 साली एमआयडीसी झाल्यावर आजूबाजूला जे जे उभं राहिलं ते सगळं. 1978 मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि 1982 मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली, या दोन्ही गोष्टी त्यांना आठवायच्या त्या कुठल्या पाळीत होतो त्यावरून. लोकल पहिल्या पाळीतली, महापालिका तिसऱ्या.

मला बघायला आले तेव्हाची गोष्ट. आमच्या बैठकीतलं टीपॉय डुगडुगत होतं. चहा सांडू नये म्हणून मी वर्तमानपत्राचं एक पान चार वेळा दुमडून पायाखाली सारलं. मामांचा चेहरा उजळला. लगेच वाकून त्यांनी घडी बघितली.

"किती घड्या घातल्या?"

"चार."

"तीन पुरल्या असत्या. दर घडीला जाडी दुप्पट होते." मग कागद चिमटीत धरून म्हणाले, "एक पान साधारण सत्तर मायक्रॉन. आपल्या डोक्यावरच्या केसाएवढं." आणि माझ्या डोक्याकडे पाहून, "जाड केसाएवढं."

मग विचारलं, काम काय करता. मी म्हटलं, सॉफ्टवेअर. "म्हणजे शिफ्ट संपल्यावर टेबलावर काय तयार असतं?" या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतोय. पण होकार आला. निरोप असा होता: मुलगा हात घालतो, अंदाज एका घडीनं चुकतो, चालेल.

मुहूर्त काढताना मात्र मामा अडून बसले. लग्न गुरुवारीच. पिंपरी, भोसरीकडच्या औद्योगिक पट्ट्यात सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. वीज वाटून घ्यायच्या हिशेबातनं ती पडली आणि मग इथल्या माणसांच्या अंगातच मुरली. गुरुजींनी एक रविवार फार उत्तम असल्याचं सांगितलं. मामा म्हणाले, "त्या दिवशी वीज असते." गुरुजींना ग्रहांमध्ये विजेचं स्थान सापडेना. लग्न गुरुवारी झालं, अख्खी टूलरूम जेवली.

घरी मामांपुढे एकच माणूस टिकायचं, मामी. शंकरपाळे मामा स्टीलची पट्टी लावून कापत, इथपर्यंत मामींनी सोसलं. एका दिवाळीत ते लाडवांसाठी ॲल्युमिनियमच्या दोन कड्या टर्न करून घेऊन आले. कारखान्यातली गो-नोगो गेजची रीत: एकीतून लाडू पार व्हायला हवा, दुसरीत अडकायला हवा. दोन्हीतून गेला तर लहान, दोन्हींत अडकला तर मोठा. दोन्ही वेळा रिजेक्ट. मामी त्यावर काही बोलल्या नाहीत. लाडू वळत राहिल्या, तेही माझ्या बायकोशी शेजारच्या लग्नाबद्दल गप्पा मारता मारता. मामांनी जमिनीवर बसून एकेक लाडू तपासला. तीस झाले. तीसही पास. मामांनी चष्मा पुसला. मामी हसल्या नाहीत, त्यांनी फक्त दुसरी परात पुढे सरकवली.

त्या कड्या पुढे कढईखाली ठेवायला वापरल्या.

निवृत्तीनंतर त्यांचा भाचा त्यांना चाकणला घेऊन गेला, तो ज्या कारखान्यात होता तिथं. चाकण म्हणजे मामांच्या लेखी कांद्याचा बाजार. बैलगाड्यांच्या जागी कंटेनर उभे, आणि आत रोबो वेल्डिंग करतायत. तासभर मामा हात मागे बांधून उभे राहिले. भाच्याला वाटलं आता काहीतरी मोठं बोलणार. मामांनी विचारलं, "यांना गुरुवारी सुट्टी असते का?" येताना दहा किलो कांदे आणले.

मामा गेले त्याला दोन वर्षं झाली. शेवटचे काही महिने ते आमच्याकडेच होते, म्हणून फोटोही आमच्याच हॉलमध्ये लावला, हार घातला. तेराव्याला टूलरूममधले पाच-सहा जण आले, सगळे सत्तरीच्या आसपासचे. रांगेत बसले. कोणी काही बोलेना. मी मनाशी जुळवलेली वाक्यं म्हणणार, तेवढ्यात एकजण डोळे किलकिले करून म्हणाले, "डावीकडं उतरलाय."

"दोन सूत," दुसरे म्हणाले.

"दोन कुठले? दीड."

पाच मिनिटांत वाद पेटला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे प्रश्न अर्ध्या सुताचा होता. मामी आत गेल्या आणि मामांची लेव्हल घेऊन आल्या. दोघं स्टुलावर चढले, एकानं स्टूल धरलं, बाकीचे बुडबुड्याकडे बघत खालून हुकूम सोडत होते. हार काढावा लागला, खिळा बदलावा लागला, नाक पुसायच्या निमित्तानं दोघेजण गॅलरीत जाऊन आले.

फोटो तेव्हापासून लेव्हलमध्ये आहे. भिंतीचं पोट तसंच आहे, त्यामुळे मामा किंचित पुढे झुकून बघतायत.