वानगीदाखल बाप

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मी सव्वीस वर्षं मेहताजी आहे. मेहताजी म्हणजे गाळ्यावर बसून आवक लिहायची, हिशेबपट्ट्या बनवायच्या आणि शेठ नसताना शेठसारखं खेकसायचं. या धंद्यात माणसाला एकच गोष्ट धड कळते, ती म्हणजे वानगी. ट्रकमधून दीडशे गोण्या उतरतात, सगळ्या कोण उघडून बघतो? एक ओढायची, तोंड सोडायचं आणि सरळ जमिनीवर पालथी करायची. पालथी अशासाठी, की गोणीच्या तोंडाशी लावलेला कांदा असा असतो की नारळाऐवजी नवरीच्या ओटीत घालावा, आणि पोटात निघते बारीक गोल्टी. तोंड बघून माल उचलणारा व्यापारी पुढच्या हंगामाला बाजारात दिसत नाही.

हे पुराण लावायचं कारण, गेली दोन वर्षं मी स्वतःच वानगी झालोय. माझी मुलगी बी.एस्सी. एम.एल.टी. करते. मेडिकल लॅबोरेटरी टेक्नॉलॉजी. हे आता मला एका दमात म्हणता येतं. पहिले सहा महिने मी चाळीत 'मेडिकलला आहे' एवढंच सांगून पावसाचा विषय काढत असे.

नवी मुंबईत आरोग्याचं शिक्षण कमी नाही. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, कामोठ्याला एमजीएम, खारघरला टाटाचं अ‍ॅक्ट्रेक. सकाळी कोपरखैरण्याहून पनवेल गाडी पकडली तर डब्यात निम्म्या खांद्यांवर घडी घातलेले पांढरे एप्रन दिसतात. आमच्या मुलीचं कॉलेज कुठलं ते सांगत नाही, तिची सक्त ताकीद आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकला आहे हे कळलं तेव्हा मला केवढा धीर आला होता. कांदाही नाशिकचा, पदवीही नाशिकची, म्हणजे माल खात्रीचा. पण तिचं कॉलेज निघालं अभिमत विद्यापीठातलं. नाशिकच्या पदवीवरचं माझं भाषण तसंच पडून राहिलं.

प्रवेशाच्या वेळी टेबलापलीकडच्या बाई म्हणाल्या, "हे अलाइड हेल्थ सायन्सेसमध्ये येतं." अलाइड हा शब्द मी दहावीच्या इतिहासानंतर पहिल्यांदाच ऐकला. म्हणजे दोस्तराष्ट्रे. मी मुलीला हळूच विचारलं, "म्हणजे लढाई डॉक्टर लढणार आणि तू नुसता दारूगोळा पुरवणार?" ती म्हणाली, "पप्पा, दारूगोळा नसला तर डॉक्टर अंधारात बार काढतील." पोरगी बोलण्यात आईवर गेली आहे.

माझे मेव्हणे मात्र सरळ म्हणाले, "म्हणजे लॅबवाली होणार." तेव्हा तिने ताट बाजूला सारून सांगितलं, की संसदेने २०२१ मध्ये या सगळ्या व्यवसायांसाठी कायदा केलाय, त्याखाली राष्ट्रीय आयोग आहे. मेव्हण्यांनी भाकरी मोडत माझ्याकडे बघितलं. "दाजी, मेहताजींचा आयोग कधी बसतोय?"

पहिल्या वर्षी घरात शरीर आलं. कपाटावर नकाशे, फ्रिजवर मूत्रपिंड, आरशावर हृदयाचे चार कप्पे. सिडकोने १९७० पासून हे शहर नोड-नोड करत वसवलं, वाशी नोड, नेरूळ नोड, हे मला कागदपत्रांमुळे ठाऊक होतं. तिच्या पुस्तकात नोड म्हणजे लसिकाग्रंथी. जंतू शिरला की सुजते आणि दुखते. मी म्हटलं, मग आमचा कोपरखैरणे नोड किती वर्षं सुजलाय हे रात्री स्कूटर लावायला जागा शोधणाऱ्याला विचार. यावर ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती.

खरा छळ दुसऱ्या वर्षी सुरू झाला. शीर शोधणे. सुई घरी आणायची नाही हा कॉलेजचा नियम, आणि तो ती पाळते. पण हाताला बांधायचा पट्टा घरी आणायला कुणाची बंदी नव्हती. मी बातम्या बघत बसलो की ही शेजारी येऊन माझ्या दंडाला तो आवळणार, मूठ वळायला लावणार, आणि डोळे मिटून कोपराच्या खळग्यात बोट फिरवणार. शीर म्हणे बघायची नसते, चाचपायची असते. दाबली की खाली जाऊन उसळली पाहिजे. कडक लागली तर तो स्नायूचा दोर, आणि ठोका लागला तर धमनी, तिथून हात काढून घ्यायचा. तिने महिन्याभरात घरातल्या सगळ्या हातांची प्रतवारी लावली. आईची शीर बरी, पण सरकते. आजीची दिसते फार आणि टिकते कमी. पप्पांची? "पप्पा, तुमच्या हातात रक्त येतं कुठून, हाच प्रश्न आहे." सव्वीस वर्षं पेन धरल्याचं हे फळ.

एकदा मी डबा विसरलो म्हणून ती गाळ्यावर घेऊन आली. माल उतरत होता. आमचे माथाडी पन्नास-पन्नास किलोची गोणी पाठीवर टाकून फळीवरून उतरत होते. माझी मुलगी डबा हातात धरून जागीच थांबली. मला वाटलं, पोरीला आजोबा आठवले. माझे वडील माथाडीच होते, पाटण तालुक्यातून येऊन मशीद बंदरात त्यांनी आयुष्यभर पाठ वापरली. मला भरून यायच्या बेतात असताना ती कुजबुजली, "पप्पा, शिरा बघा! काय शिरा आहेत!" आणि खरंच, एकेकाच्या हातावर सुतळी गुंडाळावी तशा शिरा. तेव्हापासून तिला गाडीत वरची कडी धरून उभी असलेली माणसं दिसत नाहीत, नुसते कोपर दिसतात.

आमच्या आईला, म्हणजे आजीला, या शिक्षणात रस आला तो रक्तगटामुळे. पुतण्याला गावाकडून स्थळ आलं. बायोडाटात कूळ, देवक, मामाचं गाव, उंची, वर्ण, आणि रक्तगट. मुलगा बी पॉझिटिव्ह, मुलगीही बी पॉझिटिव्ह. आईने कागद खाली ठेवला. "एकच रगत. भाऊभन झाली की."

मुलगी अभ्यासातून उठून आली. "आजी, आपल्याकडे बी आणि ओ हेच गट सगळ्यात जास्त. सगळ्या बी वाल्यांना भाऊबहीण धरलंस तर अर्धं पाटण बिनलग्नाचं राहील." मग तिने सांगितलं की बघायचंच असेल तर थॅलेसेमिया बघा. दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता, की मूल आजारी जन्मेल आणि त्याला जन्मभर रक्त चढवावं लागेल. त्यासाठी हिमोग्लोबिन ए टूची तपासणी असते. बायोडाटात मामाचं गाव असतं, ही तपासणी नसते. आईला एवढंच कळलं की नातीला मामाच्या गावापेक्षा मोठं काहीतरी माहीत आहे. ती गप्प झाली, आणि आमच्या घरात हे सहसा घडत नाही.

गप्प बसली ती पाच मिनिटं. मग म्हणाली, "आपल्या ममईचं बी रगत आसतंय का येगळं?" आणि असतं! १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं, की ते नेहमीच्या तपासणीत ओ दिसायचं, पण त्याला कुठलाही ओ चालायचा नाही. ते जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून ओळखलं जातं. अशा माणसाला रक्त द्यायचं तर तसल्याच माणसाचं. १९९५ मध्ये शहराचं नाव बदललं, स्टेशनांच्या पाट्या बदलल्या, रक्तात मात्र बॉम्बे राहिलं ते राहिलंच. मी विचारलं, नवी मुंबईचा एखादा गट? मुलगी म्हणाली, "अजून कनेक्टिव्हिटी नाही."

मधल्या काळात सूक्ष्मजीवशास्त्र येऊन गेलं. बोटं सतत जांभळी. रंगाचा डाग लागायचा आणि चाळीतल्या बायका विचारायच्या, मतदान कशाचं गं? बायकोने दिवाळीत चायना ग्रासचं पुडिंग केलं होतं, त्याला मुलीने तोंड लावलं नाही. त्याच चायना ग्रासला तिच्या लॅबमध्ये अगार म्हणतात आणि त्यावर जंतू वाढवतात. ही युक्तीही मूळ स्वयंपाकघरातली. १८८१ मध्ये फॅनी हेसे नावाच्या बाईंनी ती सुचवली, कॉख नावाच्या जंतुशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्यांचे यजमान काम करायचे. बायकोला पुडिंग वाया गेल्याचं दुःख उरलं नाही. त्या दिवसापासून ती फोडणी देतानासुद्धा शास्त्रज्ञासारखी उभी राहते.

आणि मग नळ्या. रक्त कुठल्या नळीत आधी घ्यायचं याचा क्रम असतो. टोपणांच्या रंगावरून निळी, लाल, हिरवी, जांभळी, करडी. चुकलं तर जांभळीतलं औषध दुसऱ्या नळीत जाऊन कॅल्शियम खोटं कमी दिसतं आणि पोटॅशियम खोटं जास्त. ती रात्री हे घोकायची. मी म्हटलं, हे काय पाठ करतेस, भाजीमार्केट समज. निळी तर काही भाजी नाही, ती ताडपत्री, सर्वात आधी उघडायची. मग टोमॅटो, मिरची, वांगं, आणि शेवटी पोत्यावरची करडी धूळ. ते तिच्या लक्षात राहिलं. वर्गातल्या निम्म्या पोरांनीही ते उतरवून घेतलं असं ऐकतो. विद्यापीठात माझं एवढंच योगदान.

डिसेंबरात निरोप आला, प्रॅक्टिकलला स्वेच्छेने रक्त देणारी माणसं हवीत, उपाशीपोटी. मी गेलो. पण जाण्यापूर्वी दोन दिवस मी ज्वारीची भाकरी, मेथी आणि ताक यांवर काढले, चहाही बिनसाखरेचा. मार्केटच्या आरोग्य शिबिरांत दरवर्षी हेच करून मी निर्दोष सुटत आलोय.

आधी एक मुलगा आला. त्याचा हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता. दोनदा चुकला. "सॉरी काका" म्हणताना त्याच्या कपाळावरचा घाम माझ्या अंगावर पडतो की काय असं वाटलं. मग मॅडमनी आमच्या मुलीला पुढे केलं. तिने पट्टा आवळला, डोळे मिटले नाहीत पण मान किंचित वळवली, जुनी सतार लावताना बघावं तशी. बोट एका जागी थांबलं. मला कळलंसुद्धा नाही. बघतो तर नळीत रक्त. माझ्या त्या नसलेल्या शिरेतून. जांभळी भरली, करडी भरली, दोन्ही तिने हलकेच उलट्या-सुलट्या केल्या, आणि कापूस दाबून म्हणाली, "हात दुमडू नका, दाबून धरा." घरी कधी इतक्या आदराने बोलत नाही.

संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली. हातात चिठ्ठी. मी आधीच विचारलं, "उपाशीपोटीची किती?"

"एकशे अठरा."

"बघ! थोडी इकडेतिकडे. बरी आहे."

"ती करड्या नळीतली. त्यात फ्लोराइड असतं, नाहीतर पेशी नळीतसुद्धा साखर खात बसतात." आमच्या घराण्याच्याच पेशी त्या, मी म्हटलं. "पप्पा, जांभळ्या नळीत दुसरी तपासणी केली, एच बी ए वन सी. सात पॉइंट दोन."

मला आकडे कळतात, पण हा कुठल्या वहीतला ते कळेना. तिने समजावलं. तांबडी पेशी जगते साधारण १२० दिवस. तेवढ्या दिवसांत रक्तात जी साखर फिरते, ती तिच्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते आणि सुटत नाही. म्हणून दोन दिवस भाकरी खाऊन उपाशीपोटीचा आकडा सुधारतो, हा सुधारत नाही. यात तीनेक महिन्यांचा हिशेब निघतो. साडेसहाच्या पुढे गेला की डॉक्टरांकडे जायचं.

"म्हणजे मला..."

"ते डॉक्टर सांगतील. निदान आम्ही करत नाही, आकडा देतो."

भाव शेठ ठरवतात, मी लिहितो, हेच वाक्य मी शेतकऱ्यांना सव्वीस वर्षं ऐकवत आलोय.

मी भिंतीवरचं कालनिर्णय काढून मागे पानं उलटली. दिवाळी. कोजागरीचं दूध. दसऱ्याची बासुंदी. गणपतीचे अकरा दिवस, रोज दोन घरचे मोदक. नारळीभात. आणि रोज गाळ्यावर चार कटिंग, त्यांना तर सणाचीही सबब नव्हती. गोणीच्या तोंडाशी दोन दिवसांची भाकरी लावली होती, पोरीने गोणीच पालथी केली. बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. वळली नाही, पण पोळी लाटायची थांबली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाळ्यावर गेलो. साडेपाचला चहावाला आला, पेला ठेवला. एक घोट घेतला आणि वर बघितलं.

"साखर?"

"ताईंचा फोन आला होता, शेठ. तुमच्या मोबाइलवरून नंबर घेतला म्हणाल्या. आजपासून बंद." मग त्याने किटली खाली ठेवली, शर्टाची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि मूठ घट्ट वळून हात माझ्या वहीवर ठेवला. शीर टरारून उभी होती. "ही बघा. त्यांना चालंल का विचारा."