क्रांती, जावक क्रमांकासह

डावी चळवळ लाठीमाराने संपते, असा एक गोड समज आहे. मराठवाड्याचा अनुभव पाहता ती लाठीमाराने फोफावते आणि अनुदानाने आटोपते. ही प्रक्रिया चार अवस्थांत पार पडते.

पहिली अवस्था प्रबंधाची. शेतकरी कामगार पक्षाने १९५० मध्ये दाभाडीच्या प्रबंधात मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. पुढे केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे हे संस्थापक काँग्रेसमध्ये परतले. प्रबंध तेवढा पक्षात राहिला. नांदेड जिल्ह्यात लाल बावटा कंधारच्या भाई केशवराव धोंडगे यांनी पेलला. ते पाच वेळा विधानसभेत आणि १९७७ मध्ये लोकसभेत गेले.

दुसरी अवस्था संस्थेची. निजामी राजवटीने शिक्षणाची आबाळ केलेल्या मुलखात शाळा काढणे हेच बंड होते. कंधारची श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी धोंडग्यांनीच उभारली. मात्र कुठल्याही शाळेला मान्यता लागते, तुकडीला मंजुरी लागते, पगाराला अनुदान लागते आणि तिन्ही कागदांवर सही सरकारची असते. कार्यकर्ता मास्तर झाला की त्याला सरकारविरोधी मोर्चासाठीही किरकोळ रजेचा अर्ज द्यावा लागतो. जर्मन समाजवादी पक्षाकडे पाहून रॉबर्ट मिशेल्सने १९११ मध्येच सांगितले होते की संघटना वाढली की कारभार मूठभरांच्या हाती जातो आणि साधन हेच साध्य होऊन बसते. त्याने कंधार पाहिले नव्हते, तरी त्याचे काही अडले नाही.

तिसरी अवस्था मागणी मान्य होण्याची, घातक हीच. १९७२ च्या दुष्काळात कामासाठी मोर्चे निघाले, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. मजुराला हक्क मिळाला, सोबत हजेरीपटही मिळाला. काल घोषणा देणारा कार्यकर्ता आज मस्टर कुठे अडले, हे विचारत तहसिलीत बसतो. १९९९ मध्ये लातूरच्या विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात रोजगार हमी खाते शेतकरी कामगार पक्षाच्याच गणपतराव देशमुखांकडे आले. मोर्चा कोणाच्या दारावर न्यायचा, हा तेव्हा तात्त्विक पेच ठरला.

चौथी अवस्था मुदतवाढीची. मराठवाड्यावरील अन्यायाविरुद्ध १९७४ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. डाव्या विचारांचे गोविंदभाई श्रॉफ विकासाच्या लढ्याचे नेते होते. दांडेकर समितीने १९८४ मध्ये त्या अन्यायाची बेरीज-वजाबाकी मांडली. अन्यायाला ‘अनुशेष’ हे सभ्य नाव मिळाले आणि त्याच्यावर चिडण्याऐवजी तो मोजायचा असतो, असे ठरले. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आले. ३० एप्रिल २०२० रोजी त्याची मुदत संपली आणि मंडळालाच मुदतवाढ द्या, ही नवी मागणी जन्मली.

व्यवस्था बदलायला निघालेले लोक व्यवस्थेचे एक कार्यालय बंद पडू नये म्हणून निवेदन देतात आणि त्याची पोच जपून ठेवतात, तेव्हा प्रक्रिया पूर्ण झाली असे समजावे.