टिळकांची चार अक्षरे

थोरामोठ्यांचे स्वभाव चार अक्षरांत बसवणाऱ्या समस्त तज्ज्ञांस,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

लोकमान्य टिळक ‘ईएनटीजे’ की ‘आयएनटीजे’, हा खटला गेल्या रविवारी आपण आमच्या दिवाणखान्यात रात्री अकरापर्यंत चालवलात. तीनदा चहा झाला, डबाभर चिवडा संपला, निकाल मात्र लागला नाही. पुढच्या तारखेला मला साक्षीला बोलावू नये, म्हणून माझी जबानी लेखी देत आहे.

‘ई’वाल्या बहिर्मुख पक्षाचे म्हणणे असे की, देवघरातला गणपती ज्याने चौकात आणून बसवला, तो माणूस एकलकोंडा कसा असेल? त्यावर ‘आय’वाल्या अंतर्मुख पक्षाने मंडाले काढले. तुरुंगात बसून पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढणाऱ्याला गर्दीची ओढ होती म्हणता? मुद्दा बिनतोड आहे. फक्त एक अडचण आहे. मंडालेला टिळक चिंतनासाठी गेले नव्हते, १९०८ साली सरकारने त्यांना राजद्रोहाची सहा वर्षे ठोठावली होती. शिक्षेलाच स्वभाव म्हणायचे, तर येरवड्याचा अख्खा तुरुंग ऋषिमुनींनी भरलेला निघेल.

मग टिळकांचे मित्र, सुधारक आगरकर यांची पाळी आली. ते तर्ककठोर, म्हणून ‘टी’, म्हणजे विचारप्रधान. पण विधवांच्या केशवपनावर लिहिताना त्यांच्या लेखणीला जी धग येते, ती पाहता ‘एफ’, म्हणजे भावनाप्रधान. बुद्धीला पटले म्हणूनच ज्याचा जीव तुटतो, त्याच्यासाठी आपल्या तक्त्यात वेगळा रकाना आहे का? पुण्याच्या सनातन्यांनी या गृहस्थाची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. आपण त्याला रकान्यात पुरत आहात. प्रगतीच म्हणायची.

या विद्येचे मूळही मी पाहून घेतले. मानसोपचारतज्ज्ञ युंगने १९२१ साली स्वभावप्रकारांवर ग्रंथ लिहिला. त्यावरून अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची लेक इझाबेल मायर्स यांनी सोळा प्रकारांची चाचणी बेतली. दोघींपैकी एकीनेही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते, हे वाचून मला धीर आला. आपलेही तसेच आहे. पण त्या मायलेकींची एक अट होती. प्रश्नांची उत्तरे ज्याची त्याने द्यायची. टिळकांचा अर्ज आपण परस्पर भरलात, सहीसुद्धा आपलीच.

आणि उत्तर पटले म्हणजे ते खरेच, असेही नाही. १९४८ साली बर्ट्रम फोरर या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन प्रत्येकाला ‘खास त्याचे’ स्वभाववर्णन दिले. ते अगदी जुळते म्हणून मुलांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होते, आणि त्यातली वाक्ये भविष्याच्या पुस्तकातून घेतलेली होती.

यावरून आठवले. स्वतःच्या लग्नात छत्तीस गुण पाहू न देणारी, देवगण-राक्षसगणाला हसणारी मंडळी ती आपणच ना? पत्रिकेची बारा घरे नाकारून आपण सोळा घरांत राहायला गेलात. जागा वाढली, एवढेच. टिळकांनी तर पंचांगवाल्यांशीही वाद घातला होता. पंचांगातले गणित डोक्यावरच्या आकाशाशी ताडून पाहा, जुळत नसेल तर गणित सुधारा, असा त्यांचा आग्रह. आपल्याकडे उलटी रीत आहे. गणित जुळेना, तर आपण टिळक सुधारता.

शेवटची साक्ष. १८८२ साली कोल्हापूरच्या बदनामी प्रकरणात टिळक आणि आगरकर मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात एकत्र होते. दोघांच्या जन्मात नऊ दिवसांचे अंतर, वय सव्वीस. एकशे एक दिवस दोघे वाद घालत राहिले. पुढे मतभेद इतके विकोपाला गेले की वाटा वेगळ्या झाल्या, तरी ‘तू कोणत्या प्रकारातला’ हा प्रश्न त्यांच्यात निघाल्याचे ऐकिवात नाही. ‘तुझे म्हणणे का चूक आहे’ यातच त्यांचा सगळा वेळ गेला. त्या दोघांनी मांडलेले प्रश्न अजून आपल्या दाराशी उभे आहेत. आपण त्यांची अक्षरे मोजत बसलो आहोत, कारण प्रश्नांना चहा-चिवड्यात उत्तरे मिळत नाहीत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
(सकाळी ‘आय’, गणपतीची वर्गणी मागताना ‘ई’)
एक यजमान

ता. क. पुढच्या रविवारचा चिवडा आपण आणावा. कोण आणतो आणि कोण विसरतो, यावरून सर्वांचे स्वभाव चाचणीशिवाय कळतील.